संथ पळणारा घोडा

जळगाव-धुळ्याकडच्या लग्नाच्या व्हिडिओत काळ मंदावण्याच्या जागा ठरलेल्या असतात. नवरीची एन्ट्री, वरमाला, अक्षतांचा वर्षाव आणि बँडपुढे भान विसरून नाचणारे मामा-मावश्या. मिक्सिंगवाला नेमक्या याच जागी क्लिप ताणतो आणि मागे एखादं गाणं सोडतो. बहुतेकदा ते खपून जातं. कधी मात्र पडद्यावरची माणसं संथ चालण्याऐवजी ठेचकाळत चालू लागतात. मग नवरदेवाच्या घोड्याकडे बघत घरातलं कुणीतरी अहिराणीत विचारतंच, ‘‘भो, हाऊ घोडा अटकी अटकी काब्र पयस?’’ म्हणजे, हा घोडा थांबत थांबत का पळतो?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर सरळ अंकगणितात आहे. कॅमेऱ्याने घोड्याचे सेकंदाला २५ क्षण टिपले होते. एक सेकंद ताणून चार सेकंदांचा केला की पडद्याला शंभर चित्रं लागतात. हातात २५च आहेत. उरलेली पंचाहत्तर कुठून आणायची? हौशी कॅमेऱ्यावर आणि घरच्या संगणकावर सफाईदार स्लो मोशन करण्याची सगळी विद्या या एका प्रश्नाभोवती फिरते. माझं मत आधीच सांगून टाकतो: यातली निम्मीअधिक लढाई शूटिंगच्या वेळीच जिंकली किंवा हरली जाते. सॉफ्टवेअर तूट भरून काढतं, पण अंदाजाने.

आपल्याकडे हा आकडा २५ असण्याचं कारण विजेच्या तारेत आहे. भारतातली घरगुती वीज ५० हर्ट्झची. दूरदर्शनने स्वीकारलेली ‘पाल’ पद्धत तिच्याशी जुळवलेली, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे हा आकडा ३०च्या आसपास. आपल्या बाजारात आलेले बहुतेक हँडीकॅम या २५वर चालणारे होते. अशी क्लिप पाव वेगाने चालवली आणि दुसरं काहीच केलं नाही, तर सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम चार वेळा दाखवतं. एकेक चित्र ०.१६ सेकंद गोठून राहतं, आणि सेकंदाला नवी चित्रं दिसतात फक्त सव्वासहा. दहा-बाराच्या खाली गेलं की मेंदू ‘हालचाल’ म्हणायचं सोडून ‘एकामागून एक चित्रं’ म्हणू लागतो. घोडा अडखळतो तो इथे.

काळाचे तुकडे किती बारीक करावेत, हा विचार खान्देशाच्या मातीला नवा नाही. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला एक शिलालेख आहे, इसवी सन १२०७चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून तिथे मठ स्थापला, असं त्यात कोरलं आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख विद्वानांपुढे आणला. भास्कराचार्यांचं गाव नेमकं कोणतं, यावर अभ्यासकांचा वाद चालू राहो. त्यांचं गणित शिकवण्याची सोय इथे सातमाळ्याच्या पायथ्याशी झाली होती, एवढं दगडावर लिहिलेलं आहे.

११५०च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त भास्कराचार्य दिवसाचे भाग पाडत जातात. एका अहोरात्रात ३० मुहूर्त, मुहूर्तात २ घटिका, घटिकेत ३० कला, कलेत ३० काष्ठा, काष्ठेत १८ निमेष, निमेषात ३० तत्पर आणि तत्पराच्या शंभर त्रुटी. हा हिशेब आजच्या सेकंदात मांडला तर गंमत दिसते. एका सेकंदात सव्वाअकरा निमेष बसतात. म्हणजे निमेषाला एक चित्र दाखवलं, तर हालचाल सलग दिसण्याच्या उंबरठ्यावर आपण उभे असतो. तत्पर घेतलं तर सेकंदाला सुमारे ३३७ चित्रं होतात आणि उत्तम स्लो मोशन मिळतं. त्रुटी घेतली तर ३३,७५०. इतका वेग आज प्रयोगशाळेतले कॅमेरेच देतात.

एवढा छोटा काळ मोजायला त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. तो त्यांना गणितासाठी हवा होता. काल चंद्र कुठे होता आणि आज कुठे आहे, हे कळलं की मधली वजाबाकी म्हणजे चंद्राची दिवसाची गती. पण चंद्र दिवसभर एकाच गतीने सरकत नाही. म्हणून तिथी नेमकी कधी संपते हे काढायचं, तर त्या क्षणाची गती हवी, असं भास्कराचार्य सांगतात. तिला त्यांनी ‘तात्कालिकी गती’ म्हटलं. दोन ज्ञात जागा आणि त्यांच्या मधली एक अज्ञात जागा. संगणकावर आपण घोड्याच्या खुराला हाच प्रश्न विचारतो. तिथे पुन्हा येऊच. आधी कॅमेऱ्याकडे वळू, कारण जुन्या हँडीकॅमच्या पोटात दुप्पट क्षण दडलेले असतात आणि अनेक जण ते न पाहताच फेकून देतात.

मिनी-डीव्ही टेपवर चालणारे कॅमेरे आणि २००६मध्ये सोनी व पॅनासॉनिक यांनी आणलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीचे सुरुवातीचे कॅमेरे ‘५०आय’ पद्धतीने चित्र घेत. यातली प्रत्येक फ्रेम दोन ‘फील्ड’ची बनते. एका फील्डमध्ये चित्राच्या विषम क्रमांकाच्या ओळी, दुसऱ्यात सम. महत्त्वाची गोष्ट अशी की ही दोन फील्ड एकाच क्षणाची नसतात. दुसरं पहिल्यानंतर १/५० सेकंदाने टिपलेलं असतं. संगणकावर पळत्या घोड्याची फ्रेम थांबवली की त्याच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात, ते याचेच. हे दाते म्हणजे बिघाड, असं समजून बहुतेक सॉफ्टवेअर दोनातलं एक फील्ड टाकून देतं किंवा दोन्ही मिसळून टाकतं. चित्र स्वच्छ होतं, पण सेकंदातले २५ क्षण कायमचे जातात.

त्याऐवजी दोन्ही फील्ड सुटी केली आणि प्रत्येकाची एक स्वतंत्र फ्रेम बनवली, तर सेकंदाला ५० खरी चित्रं हाती येतात. ती २५च्या चालीने दाखवा. निम्म्या वेगाचं, अंदाजाचा एकही कण नसलेलं स्लो मोशन तयार. किंमत मोजावी लागते ती उंचीत. डीव्हीच्या ५७६ ओळींपैकी प्रत्येक फील्डमध्ये २८८च असतात, बाकीच्या ओळी भराव्या लागतात. हे भरण्याचं काम साधं सॉफ्टवेअर ओबडधोबड करतं, मग आडव्या कडा वरखाली थरथरतात. एव्हीसिंथ या मोफत साधनातली ‘क्यूटीजीएमसी’ ही स्क्रिप्ट ते फार नीट करते. वेळ खाते, पण लग्नातल्या अर्ध्या मिनिटाच्या क्लिपसाठी तेवढा वेळ द्यायला हरकत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं, एचडीत वरचं. क्रम उलटा लावला तर घोडा दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे असा विचित्र थरथरत पळतो. तसं दिसलं की प्लग-इन बदलत बसू नका, फील्डचा क्रम बदला.

२०११मध्ये एव्हीसीएचडीला जोड मिळाली आणि ‘५०पी’ आलं. यात सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम मिळतात. कॅमेऱ्याच्या मेनूत ही सोय असेल तर दुसरा विचारच करू नये. त्याआधी सोनीने काही हँडीकॅममध्ये ‘स्मूथ स्लो रेकॉर्ड’ नावाचं बटण दिलं होतं. ते दाबलं की कॅमेरा तीन सेकंद सेकंदाला २०० फील्ड घेई आणि बारा सेकंदांची क्लिप करून देई. चित्र जरा पुसट येई, आणि तीनच सेकंद मिळत असल्याने बटण कधी दाबायचं हे कळायला हात बसावा लागे. पण चाल अस्सल. कॅसिओच्या ईएक्स-एफ१ या २००८च्या कॅमेऱ्याने तर सेकंदाला १,२०० फ्रेमपर्यंत मजल मारली, फक्त तेव्हा चित्र उरे ३३६ गुणिले ९६ ठिपक्यांचं, एखाद्या पट्टीएवढं. आज २४० फ्रेम खिशातला फोन देतो. आयफोनमध्ये हा आकडा २०१४ साली आला. तरीही लग्नघरात, नाटकात, शाळेच्या स्नेहसंमेलनात दुरून झूम करायचं असेल, तर हँडीकॅम अजून कामाला येतो.

आता उजेड. स्लो मोशनला उजेड लागतो, आणि या बाबतीत खान्देशाला तक्रार करायला जागा नाही. जळगाव-भुसावळचं मे महिन्याचं ऊन माणसाला नकोसं होतं, पण कॅमेऱ्याला १/१००० सेकंदाचा शटर सहज झेपतो. शटर हा दुसरा कळीचा आकडा. चौखूर उधळलेला घोडा सेकंदाला १५ मीटर जातो असं धरू. शटर १/५० असेल तर एका फ्रेममध्येच तो ३० सेंटिमीटर सरकतो, म्हणजे चित्र तेवढं पुसट होतं. १/५००ला हा पुसटपणा ३ सेंटिमीटरवर येतो. नेहमीच्या वेगाने दाखवायच्या व्हिडिओत थोडा पुसटपणा चांगलाच, त्याने हालचाल मऊ वाटते. पण क्लिप ताणायची असेल आणि मधली चित्रं सॉफ्टवेअरकडून बनवून घ्यायची असतील, तर कडा धारदार हव्यात. कॅमेऱ्यावर शटरचा आकडा दिसत नसेल तर ‘स्पोर्ट्स’ मोड लावा. त्याचं काम तेच.

मंडपात हे गणित बिघडतं. संध्याकाळच्या रिसेप्शनला १/५०वरून १/२५०वर गेलं की कॅमेऱ्याला पाचव्या हिश्शाचा उजेड मिळतो. मग तो आपणहून गेन वाढवतो आणि चित्रात दाणे उठतात. हे दाणे दर फ्रेमला जागा बदलतात. मधली चित्रं बनवणारं सॉफ्टवेअर त्यांच्याही मागे धावतं, आणि नवरीच्या गालावर काहीतरी वळवळल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा एक जादा फोकस लाइट लावलेला बरा.

दिव्यांची आणखी एक खोड आहे. ५० हर्ट्झच्या विजेवरचा जुन्या चोकचा ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. स्वस्त एलईडी माळाही तशाच. डोळ्याला ते दिसत नाही. फोनवर २४० फ्रेमने घेऊन आठपट संथ केलं की तीच फडफड सेकंदाला साडेबारा वेळा होते आणि अख्खा मंडप लुकलुकू लागतो. उपाय सोपा आहे. कॅमेऱ्याच्या मेनूत ‘पाल’ निवडा, ५० किंवा १०० फ्रेम घ्या आणि शटर १/१००वर ठेवा. मग प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला दिव्याचं एक पूर्ण स्पंदन येतं. परदेशी यूट्यूबर ‘६० किंवा १२०’ सांगतात ते त्यांच्या विजेसाठी. आपल्या मंडपात तो सल्ला महागात पडतो. उघड्यावर, उन्हात मात्र खुशाल १२० घ्या. सूर्याला हर्ट्झ नाहीत.

हे सगळं आजमावून बघायला सारंगखेड्याच्या यात्रेसारखी जागा नाही. तापीकाठचं हे गाव पूर्वी धुळे जिल्ह्यात होतं. १९९८मध्ये जिल्हा विभागला गेला आणि ते नंदुरबारकडे गेलं. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा मोठा बाजार. देशभरातून घोडे येतात, शर्यती होतात, घोडे नाचवले जातात. घोडा आणि संथ चित्र यांचं नातं जुनं आहे. कॅलिफोर्नियात १८७८ साली एडवर्ड मायब्रिजने बारा कॅमेरे एका रांगेत लावून पळत्या घोड्याची चित्रं घेतली. चारही खूर एका क्षणी हवेत असतात हे त्यातून सिद्ध झालं, आणि त्या वेळी पाय पोटाखाली गोळा झालेले असतात हेही. तोवरचे चित्रकार ते पुढे-मागे ताणलेले रंगवत होते. मायब्रिजकडेही तुमच्यासारखेच मोजके क्षण होते. फरक इतकाच की ते कुठे टिपायचे, हे त्याने आधी ठरवलं होतं.

सारंगखेड्यात तुम्हीही आधी ठरवा ते उभं कुठे राहायचं. सॉफ्टवेअरला घोडा किती जोरात पळतो याच्याशी देणंघेणं नसतं. चित्रात तो एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये किती ठिपके सरकला, एवढंच त्याला दिसतं. धावपट्टीच्या बाजूला उभं राहून १२ मीटरची रुंदी चित्रात घेतली, तर १,९२० ठिपक्यांच्या चित्रात आपला घोडा २५ फ्रेमला दर वेळी ९६ ठिपके उडी मारतो. ५० फ्रेमला ४८. तोच घोडा समोरून, जरा तिरपा येताना घेतला तर ही उडी कितीतरी कमी होते, कारण तो चित्रात आडवा सरकण्याऐवजी हळूहळू मोठा होतो. सिनेमात घोडेस्वार पुष्कळदा समोरून का येतात, त्याचं एक कारण इथे आहे. दुसरी युक्ती म्हणजे ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून घोड्याबरोबर फिरवणं. मग घोडा चित्राच्या मध्यावर जवळजवळ स्थिर राहतो आणि धावते ती मागची गर्दी. गर्दी पुसट झाली तरी चालते. हातात धरलेला कॅमेरा मात्र टाळा. नेहमीच्या वेगात न जाणवणारी हाताची थरथर चारपट संथ केली की बोटीत बसल्यासारखी डुलते.

आता मिक्सिंगच्या टेबलावर येऊ. एडियस असो, प्रीमिअर असो की दा विंची रिझॉल्व्ह, वेग कमी केल्यावर मधली जागा भरण्याचे तीन मार्ग सगळीकडे सापडतात. नावं थोडी बदलतात, इतकंच. पहिला मार्ग तीच फ्रेम पुन्हा दाखवण्याचा. त्याचा निकाल वर लागलाच आहे. दुसरा, शेजारच्या दोन फ्रेम एकमेकांत विरघळवण्याचा. याला ‘फ्रेम ब्लेंडिंग’ म्हणतात. धक्के मऊ होतात, पण घोड्याला आठ पाय दिसतात. दिंडी, धुकं, संथ वाहतं पाणी असलं काही असेल तर हे चालून जातं, इतरत्र नाही. तिसरा मार्ग ‘ऑप्टिकल फ्लो’चा, आणि भास्कराचार्यांचा प्रश्न इथे परत येतो.

ऑप्टिकल फ्लोत संगणक पहिल्या फ्रेममधला प्रत्येक ठिपका दुसऱ्या फ्रेममध्ये कुठे गेला ते शोधतो. घोड्याच्या कपाळावरचा पांढरा टिळा इथे होता, आता तिथे आहे. मग अर्ध्या वेळेला तो अर्ध्या वाटेवर असणार. असे लाखो बाण काढून तो मधलं चित्र नव्याने रंगवतो. या गणिताचा पाया १९८१मध्ये दोन शोधनिबंधांनी घातला, एक हॉर्न आणि शुंक यांचा, दुसरा लुकास आणि कानाडे यांचा. ट्विक्सटर नावाच्या प्लग-इनने ते व्हिडिओवाल्यांपर्यंत पोचवलं. प्रीमिअरमध्ये हा पर्याय २०१५ला आला. रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही तो आहे, त्यामुळे आज पैसे मोजायची गरज नाही. क्लिपच्या ‘रीटाइम’ सेटिंगमध्ये जाऊन निवडायचा, रेंडर करायचा आणि मग डोळे उघडे ठेवून एकेक फ्रेम तपासायची. हे शेवटचं कुणी करत नाही.

तपासायचं कारण, ‘अर्ध्या वेळेला अर्ध्या वाटेवर’ हे गृहीत पुष्कळदा खोटं असतं. विहिरीत सूर मारणारा पोरगा दर क्षणी वेग घेत असतो. दोन फ्रेममध्ये त्याला सरळ रेषेत आणि एकाच गतीने सरकवलं, की प्रत्येक खऱ्या फ्रेमपाशी त्याला बारीकसा हिसका बसतो. निम्म्या वेगाला तो कळत नाही, दहा टक्क्यांवर आणलं की कळतो. यावर तोड म्हणजे गतीतला बदलही हिशेबात धरायचा. ब्रह्मगुप्ताने ६६५ साली ज्येच्या (साइनच्या) कोष्टकातल्या मधल्या किमती काढताना नेमकं हेच केलं होतं. नुसता फरक न घेता फरकांमधला फरकही घेतला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अलीकडच्या काही पद्धती दोनाऐवजी चार फ्रेम पाहतात, त्या याच हेतूने.

काही दृश्यांपुढे मात्र सगळी हुशारी संपते. अक्षता हे त्यातलं खास आपलं उदाहरण. मुठीतून उडालेला तांदूळ सेकंदाला चार मीटर वेगाने गेला, तर ५० फ्रेमला तो दर फ्रेममध्ये ८ सेंटिमीटर सरकतो. दाण्याची लांबी जेमतेम ६ मिलिमीटर. दोन फ्रेमच्या मध्ये तो आपल्या लांबीच्या तेरापट अंतर गेलेला, आणि आजूबाजूला तसेच शेकडो दाणे. यातला कोणता कोणता, हे संगणकाने ओळखायचं कसं? तो चुकीच्या जोड्या लावतो, आणि हवेत तांदळाऐवजी पांढऱ्या अळ्या ताणल्या जातात. गुलाल, फवारा, जिनिंगमध्ये उडणारा कापूस, एकमेकांना ओलांडणारे घोड्याचे पाय, बँडवाल्याच्या हातातल्या काठ्या या सगळ्यांचं हेच. पायांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. पुढचा पाय सरकला की मागचा जो भाग उघडा पडतो, तो आधीच्या फ्रेममध्ये नव्हताच. संगणक तो कल्पनेने रंगवतो, म्हणून पायाभोवतीची जमीन चिकट रबरासारखी ओढली जाते.

म्हणून अक्षतांसाठी माझा सल्ला असा: पन्नास फ्रेमवर निम्मा वेग, त्याखाली नाही. चार सेकंदांची क्लिप आठ सेकंदांची होते, तेवढी वधू-वरांच्या चेहऱ्यांना पुरते. चारपट हवीच असेल तर १०० फ्रेमचा कॅमेरा भाड्याने आणा. वरमालेला मात्र ऑप्टिकल फ्लो चांगला साथ देतो. हात संथ, हार मोठा आणि मागचा पडदा स्थिर. तिथे तीस टक्क्यांपर्यंत खाली जायला हरकत नाही. आणि सगळी क्लिप एकाच वेगाने संथ करू नका. हार उचलेपर्यंत नेहमीचा वेग ठेवा, गळ्याशी आला की मंद करा, पडला की पुन्हा सोडा. वेगाची रेषा टाइमलाइनवर वळणदार करता येते. तिची टोकं गोलाकार ठेवली की बदल डोळ्याला खुपत नाही. आवाज बंद करायला विसरू नका. निम्म्या वेगाला सनई बरोबर एक सप्तक खाली उतरते आणि मंगलाष्टकं भलत्याच सुरात ऐकू येतात.

अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ करणाऱ्या पोरांना उपयोगी पडेल अशी एक जुनी सिनेमावाली युक्ती आहे. गाणं म्हणणारा ओठ जुळवून गातो आहे, पण केस आणि ओढणी मात्र संथ तरंगते आहे, असा शॉट हवा असतो. त्यासाठी शूटिंगच्या वेळी स्पीकरवर गाणं दुप्पट वेगाने लावायचं. कलाकाराने तसंच भराभर ओठ हलवायचे. शूटिंग ५० फ्रेमने करायचं आणि क्लिप निम्म्या वेगाला आणायची. ओठ मूळ गाण्याशी बरोबर जुळतात, बाकी सगळं निम्म्या चालीत जातं. सेटवर हे बघताना हसू आवरत नाही, पडद्यावर मात्र जादू वाटते. यात सॉफ्टवेअरची करामत शून्य.

स्लो मोशनचा एक गुण नीट ओळखला जात नाही. त्याने वस्तू मोठी आणि जड वाटते. पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की खाली कोसळणारं पाणी दुरून संथ दिसतं. ते संथ नसतं, पडायचं अंतरच मोठं असतं. वीस मीटर पडायला दोन सेकंद लागतात, तर सव्वा मीटर पडायला अर्धा. अंतर सोळापट, वेळ चौपट. म्हणून सोळाव्या हिश्शाचा छोटा देखावा खरा वाटायला हवा असेल, तर तो चौपट फ्रेमने घ्यावा लागतो. चाळीसगावचे केकी मूस टेबलावर साध्या वस्तूंचे देखावे मांडून त्यांची अशी छायाचित्रं घेत, की बघणाऱ्याला खरा निसर्ग वाटावा. स्थिर चित्रात काळ नसतो, त्यामुळे आकाराची चोरी पकडली जात नाही. त्याच टेबलावर पाण्याची धार सोडून व्हिडिओ घेतला असता, तर ती चोरी एका क्षणात पकडली गेली असती.

धुळ्याहून आग्रा रोडने खाली उतरलं की मालेगाव लागतं. तिथे नासिर शेख आणि मित्रांनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर गावचा ‘शोले’ आणि गावचा ‘सुपरमॅन’ केला. हिरव्या कापडापुढे आडवं करून सुपरमॅनला उडवलं. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या २००८च्या माहितीपटात ती सगळी खटपट दिसते. पैसे नाहीत म्हणून ही मंडळी थांबली नाहीत, आणि हाती असलेल्या यंत्राचा शेवटचा थेंब पिळून घेतला. हौशी स्लो मोशनवाल्याने तिथून उचलायचं ते हे.

शेवटी एक विनंती. खान्देशात घरोघरी १९९०च्या आणि २०००च्या दशकातल्या लग्नांच्या, बारशांच्या, कानबाईच्या मिरवणुकांच्या व्हीएचएस आणि मिनी-डीव्ही टेप पडून आहेत. कपाटात बुरशी चढण्याआधी त्या संगणकावर घेऊन ठेवायला हव्यात, आणि बरेच जण ते करूनही घेतात. देताना दुकानदाराला एवढं बजावून सांगा: फाइल मूळ ५०आयमध्येच हवी, डीइंटरलेस करू नका (म्हणजे फील्ड टाकू किंवा मिसळू नका), २५ फ्रेमची एमपी-फोर करून देऊ नका. छोटी फाइल सोयीची वाटते, पण तिच्यात प्रत्येक सेकंदातले निम्मे क्षण उरलेले नसतात आणि कोणतंही सॉफ्टवेअर ते परत आणू शकत नाही. मोठी फाइल एका हार्ड डिस्कवर ठेवा, तिची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा, आणि टेप फेकू नका.